शिल्लक आली, शेरे राहिले

संगणकात शिरलेला जगातला पहिला फोटो एका तान्ह्या बाळाचा होता. १९५७ साली अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत रसेल किर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक स्कॅनर तयार केला. तो चालतो की नाही हे पाहण्यासाठी किर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो त्यावर चढवला. तयार झालेले चित्र १७६ ठिपके लांब आणि १७६ ठिपके रुंद होते. आजच्या साध्या मोबाइलच्या फोटोत एक कोटीहून अधिक ठिपके असतात. म्हणजे डिजिटल फोटोंचा श्रीगणेशा झाला तो घरगुती फोटोनेच!

मला मात्र या हकिकतीत त्या यंत्रापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे अप्रूप वाटते. सत्तर वर्षे होत आली, तरी त्या धूसर चित्रातले बाळ कोण हे जगाला ठाऊक आहे. कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. तुमच्या-माझ्या घरातल्या संगणकात आज हजारो फोटो पडून आहेत, आणि ते वॉल्डनच्या फोटोपेक्षा कितीतरी पटींनी स्पष्ट आहेत. त्यांतल्या किती फोटोंवर असे नाव लिहिलेले आहे?

एरवी हा प्रश्न पडत नाही. तो पडतो संगणक बदलताना. आणि संगणक बदलण्याची वेळ अलीकडे पुष्कळ घरांवर आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चढत नाही. तिला ठरावीक दर्जाचा प्रोसेसर आणि सुरक्षेची एक विशिष्ट चिप लागते. त्यामुळे चांगले चालणारे यंत्र असूनही लोकांना निर्णय घ्यावा लागला. कोणी नवे यंत्र आणले, कोणी अॅपलकडे वळले, तर कोणी जुन्याच यंत्रावर लिनक्स बसवून घेतले. वाट कोणतीही असो, कापडात बांधलेल्या गाठोड्यासारखे एक बोचके प्रत्येकाला बरोबर न्यावे लागले. ते म्हणजे फोटोंचे.

घर बदलताना काय होते, ते आपल्याला माहीत आहे. कपाटे, पलंग, पिंपे नीट पोचतात. हरवते ते देवघरातल्या कोनाड्यातले, खिडकीच्या फळीवरचे, दाराआडच्या खुंटीवरचे. ट्रकवाल्याच्या यादीत त्याचा उल्लेख नसतो. फोटोंच्या बाबतीत नेमके हेच घडते.

खातेवहीचा समास

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. जाडजूड खातेवह्यांपासून सुरुवात केली आणि निवृत्त होईपर्यंत सगळे व्यवहार पडद्यावर आले. बँकांच्या यांत्रिकीकरणाबाबत रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत शाखाशाखांतून खात्यांचे स्थलांतर सुरू राहिले: वहीतून यंत्रात, एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आणि शेवटी शाखेतून मध्यवर्ती संगणकात. त्या स्थलांतराच्या रात्री आम्ही जागून काढल्या आहेत. एकच कसोटी असे. जुन्या पद्धतीतली एकूण शिल्लक आणि नव्या पद्धतीतली एकूण शिल्लक पैशापैशाने जुळली पाहिजे. जुळली की चहा मागवायचा आणि पहाटे घरी जायचे.

शिल्लक जुळायची. पण जुन्या खातेवहीला समास असे, आणि त्या समासात हाताने लिहिलेले शेरे असत. ‘मयत. वारसांचा अर्ज आला आहे.’ ‘सही बदलली, नमुना पहावा.’ ‘अंगठा. ओळख पटवून घ्यावी.’ एका पानावर तर कोण्या प्रेमळ कारकुनाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘ऐकू येत नाही. टोकनचा नंबर पुकारू नये, हाताने खूण करावी.’ संगणकाच्या रकान्यांत खातेक्रमांक होता, नाव होते, रक्कम होती. पेन्सिलीच्या त्या ओळीसाठी रकाना नव्हता. पुष्कळ ठिकाणी असे शेरे मुद्दाम वेगळे उतरवून घ्यावे लागले. जिथे उतरवले नाहीत, तिथे शिल्लक आली आणि शेरे मागे राहिले.

फोटोंच्या स्थलांतराचे सगळे मर्म या एका वाक्यात आहे. चित्र ही शिल्लक. ती सहसा येते. चित्रात कोण आहे, कधीचे आहे, कुठले आहे, कोणत्या प्रसंगाचे आहे, हे शेरे. ते आपोआप येतील असे गृहीत धरू नये.

शेरा कुठे राहतो?

येथे थोडे तांत्रिक बोलणे भाग आहे. ते स्वयंपाकघरातल्या डब्यांइतके सोपे आहे, तेव्हा वाचकांनी पान उलटू नये.

प्रत्येक डिजिटल फोटोच्या फायलीत चित्राबरोबर एक चिठ्ठीही असते. कॅमेरा ती स्वतःच भरतो: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव, आणि मोबाइल असेल व परवानगी दिलेली असेल, तर ठिकाणसुद्धा. या चिठ्ठीचा नमुना जपानी कॅमेरा उद्योगाने १९९५ साली ठरवला. त्याला एक्झिफ म्हणतात. आता कॅमेऱ्याला ‘ही आमची सुमनमावशी’ हे काही ठाऊक नसते. ते माणसाने लिहायचे. त्यासाठीही जागा आहे. वृत्तपत्रांना फोटोखालच्या ओळी फोटोबरोबरच पाठवता याव्यात म्हणून वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाने एक पद्धत बसवली, आणि २००१ साली अडोबी कंपनीने एक्सएमपी नावाची आणखी ऐसपैस पद्धत आणली. दोन्ही आज सर्वमान्य आहेत.

म्हणजे डब्यावरच नाव कोरावे तसा शेरा फोटोच्या फायलीतच लिहिता येतो. पण तसा तो लिहिला जातोच असे नाही. शेरा तीन ठिकाणी राहू शकतो. एक, फायलीच्या आत. दोन, फोटोशेजारी ठेवलेल्या छोट्या वेगळ्या फायलीत; म्हणजे डब्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. तीन, ज्या प्रोग्रॅममध्ये आपण फोटो पाहतो त्याच्या खासगी वहीत. म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यात असलेली यादी, की तिसऱ्या फळीवर डावीकडे मेथ्या. ती बाई घरात आहे तोवर काही अडत नाही.

अडचण तिसऱ्या प्रकाराची आहे. बहुतेक प्रोग्रॅममधले ‘आल्बम’ हे असेच असतात. आपण ‘चिंटूची मुंज’ असा आल्बम करतो, तेव्हा फोटो कुठेही हलत नाहीत. प्रोग्रॅम आपल्या वहीत फक्त यादी करतो. चेहरे ओळखून दिलेली नावे आणि आवडत्या फोटोंवरच्या खुणा पुष्कळदा त्याच वहीत जातात. आणि प्रोग्रॅमही अमर नसतात. गूगलचा पिकासा घरोघरी होता, तो २०१६ साली बंद झाला. अॅपलच्या आयफोटोची जागा २०१५ साली फोटोज या नव्या प्रोग्रॅमने घेतली. तेव्हा ज्या वहीत आपण लिहितो आहोत ती कोणाची, हे आधी विचारावे.

दादाच्या ओळी

आमच्या घरचेच उदाहरण सांगतो. आम्ही मूळचे सांगलीचे. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले, हे पाहून दिवस मोजणारी माणसे. २००५ च्या पुरात घरात पाणी आले आणि माळ्यावर चढवलेले आल्बम थोडक्यात वाचले. त्यानंतर माझ्या थोरल्या भावाने, दादाने, चंगच बांधला. स्कॅनर आणला आणि आजोबांच्या काळापासूनचे एक हजार एकशे चाळीस फोटो एकेक करून संगणकात घातले. रोज रात्री जेवणानंतर तो आणि आमची आत्या बसत. आत्या सांगे, दादा टाइप करी. २०१९ साली पुन्हा पूर आला. त्या वेळी पाण्याने माळाही सोडला नाही. कागदी आल्बमांचा लगदा झाला. दादाने स्कॅन केलेल्या प्रती तेवढ्या उरल्या.

पुढे दादा गेला. त्याचा संगणक थकला होता, आणि त्यातले फोटो माझ्या नव्या यंत्रावर आणायचे ठरले. यंत्र वेगळ्या कंपनीचे, प्रणाली वेगळी. फोटो आणले, मोजले. एक हजार एकशे चाळीस. बँकेतली सवय, चहासुद्धा मागवला. मग वहिनींनी विचारले, “भावजी, ह्यांनी खाली लिहिलेलं कुठं दिसतं?” ते कुठेच दिसत नव्हते. दादाने ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिले, तो केव्हाच बंद पडला होता आणि त्याने त्या ओळी फोटोत न लिहिता स्वतःच्या वहीत ठेवल्या होत्या.

एक बरे होते. जुने यंत्र भंगारात द्यायचे नाही, असे आधीच ठरले होते. पुतण्याने त्यातून प्रोग्रॅमची ती वही शोधून उघडली. आत ओळी होत्या, पण मराठी नव्हत्या. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि चित्रविचित्र चिन्हे यांचा काला होता. याचे कारण अनेक वाचकांच्या लक्षात आले असेल. त्या काळी मराठी टाइप करायला जे फाँट वापरले जात, त्यांत आतून इंग्रजीच अक्षरे साठवली जात आणि वर फक्त मराठी मुखवटा चढवला जाई. फाँट गेला की मुखवटा गळून पडतो. सुदैवाने असा मजकूर युनिकोडमध्ये फिरवून देणारे प्रोग्रॅम मिळतात. तसा एक चालवला, आणि पडद्यावर एकामागून एक दादाच्या ओळी उमटू लागल्या. ‘औदुंबर. नाव उलटता उलटता वाचली तो दिवस.’ ‘आई हसते आहे, कारण फोटोग्राफर मागच्या मागे पडला.’ वहिनी बराच वेळ वाचत बसल्या होत्या. मी आणि पुतण्या बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

सगळे मिळाले नाही. काही ओळी तुटल्या होत्या, आणि काही फोटोंवर मुळात शेराच नव्हता. असे पाचशेच्या वर फोटो राहिले. ते ओळखू शकेल असे माणूस आता एकच आहे, ते म्हणजे आत्या. ती नव्वदीच्या पुढे आहे. दर रविवारी पंधरा-वीस फोटो होतात, मग ती दमते. मागे एका फोटोशी अडलो. नदीकाठी तीन बायका उभ्या, आणि खाली वाळूत एक लांब सावली.

“आत्या, ह्या तिघी कोण गं?”

तिने नावे सांगितली आणि म्हणाली, “ह्या फोटोत मी पण आहे.”

“कुठं गं?”

“ती सावली माझी. आमच्या ह्यांचा क्लिक थ्री होता ना, त्यानं मीच काढलाय हा फोटो.”

हे कोणत्याही संगणकाला सांगता आले नसते. चेहरे ओळखणारे प्रोग्रॅम आता फार हुशार झाले आहेत. एकच चेहरा शंभर फोटोंतून वेचून काढतात. पण तो चेहरा कोणाचा, हे त्यांना पहिल्यांदा माणसालाच विचारावे लागते. आणि सावली कोणाची, हे तर ते विचारतही नाहीत.

स्थलांतराचा क्रम

आता कामाचे बोलू. ज्यांना संगणक बदलायचा आहे, किंवा नुकताच बदलून फोटोंचा ढीग पुढ्यात पडला आहे, त्यांच्यासाठी हा क्रम.

पहिली गोष्ट, जुने यंत्र घाईने निकालात काढू नये. नवे सुरळीत चालू झाल्यावर निदान सहा महिने ते कपाटात राहू द्यावे. जुन्या प्रोग्रॅमच्या वहीतले जे काही काढायचे, ते त्याच यंत्रावर सहज निघते.

दुसरी गोष्ट, शेरे आधी फोटोत उतरवून घ्यावेत. अनेक प्रोग्रॅममध्ये ‘माहिती फायलीत लिहा’ असा पर्याय सेटिंगमध्ये दडलेला असतो. अॅपलच्या फोटोजमधून मूळ फोटो बाहेर काढताना शेरे सोबत देण्याची खूण वेगळी करावी लागते. गूगल फोटोजमधून सगळा संग्रह उतरवून घेतला, तर आपण लिहिलेली वर्णने फोटोंशेजारी छोट्या वेगळ्या फायलींत येतात. त्या निरुपयोगी समजून पुसू नयेत; दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठ्या त्याच. डिजिकॅम नावाचा एक विनामूल्य प्रोग्रॅम विंडोज, अॅपल आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणी चालतो आणि शेरे फोटोतच लिहू शकतो. पुन्हा कधी प्रणाली बदलायची झाली, तर असा प्रोग्रॅम सोयीचा.

तिसरी गोष्ट, वाहतुकीची. विंडोजवर वापरलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कची मांडणी बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते. अॅपलचा संगणक ती वाचतो, पण नुसत्या स्वतःच्या बळावर तिच्यावर लिहीत नाही. दोन्हीकडे चालणारी पद्धत म्हणजे एक्सफॅट. मात्र भरलेल्या डिस्कची पद्धत बदलली की आतले सगळे पुसले जाते; तेव्हा हा प्रयोग कोऱ्या डिस्कवरच करावा.

चौथी गोष्ट, ताळा. फोटो किती गेले आणि किती आले, हे प्रकारवार मोजावे. नुसती एकूण संख्या फसवते. दोन्ही प्रणाली आपापल्या छुप्या फायली फोल्डरमध्ये टाकत असतात, त्या संख्येत मिसळतात. आयफोनवरच्या ‘लाइव्ह’ फोटोचे तर दोन तुकडे असतात, एक चित्र आणि एक छोटी चित्रफीत. म्हणून जेपेग किती, आयफोनने २०१७ पासून आणलेले हाइक किती, चित्रफिती किती, असे वेगवेगळे जुळवावे. मग कुठूनही वीस फोटो निवडून उघडून पाहावेत. बँकेत याला नमुना तपासणी म्हणत असू.

पाचवी गोष्ट म्हणजे या टप्प्यावर एकही फोटो पुसायचा नाही. हलवणे आणि निवडणे ही दोन कामे आहेत. खाते नव्या वहीत नेतानाच त्यातली बुडीत रक्कम सोडून देण्याची परवानगी कोणताही लेखापरीक्षक देणार नाही.

नावे, तारखा आणि सस्पेन्स खाते

फोटो सुखरूप आले की मग लावालाव. येथे जो तो आपापली युक्ती सांगतो. माझी पसंती सर्वांत कंटाळवाण्या पद्धतीला आहे. प्रत्येक वर्षाचा एक फोल्डर. त्याच्या आत प्रसंगाचा फोल्डर, आणि त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०१४-०५-११ सांगली मुंज’. तारीख अशी उलटी लिहिण्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार आहे, पण खरा फायदा व्यवहारातला. अशी नावे कोणत्याही प्रणालीत आपोआप कालक्रमाने लागतात. प्रोग्रॅम गेला तरी फोल्डर राहतो, आणि ज्याला नुसते वाचता येते त्यालाही तो समजतो.

मग आल्बम करूच नयेत की काय? जरूर करावेत. ‘आजीचे निवडक’, ‘सहली’ असे विषयवार आल्बम पाहायला छान वाटतात. पण ती वरची सजावट समजावी. पाया फोल्डरचा आणि फायलीतल्या शेऱ्याचा.

तारखांच्या बाबतीत तीन सापळे आहेत. पहिला, फायलीची तारीख आणि फोटोची तारीख एक नव्हे. एका यंत्रातून दुसरीकडे नक्कल करताना फायलीची तारीख बदलू शकते. कॅमेऱ्याने चिठ्ठीत लिहिलेली तारीख तशीच राहते. लावालाव चिठ्ठीतल्या तारखेने करावी. दुसरा, स्कॅन केलेले फोटो. त्यांच्यावर तारीख पडते ती स्कॅन केल्याची. आमची पणजी त्या हिशेबाने २००६ साली नऊवारीत बसलेली आहे! अशा फोटोंची चिठ्ठी हाताने दुरुस्त करावी लागते. तिसरा सापळा कॅमेऱ्याच्या घड्याळाचा. परदेशातून आलेल्या पाहुण्याने कॅमेऱ्याची वेळ बदलली नाही, तर पुण्यातल्या लग्नाची दुपारची पंगत मध्यरात्री बसते. एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो सारख्याच तासांनी मागेपुढे करण्याची सोय बऱ्याच प्रोग्रॅममध्ये असते.

फायलींच्या नावांनाही फार भुलू नये. कॅमेऱ्यांची सर्वसाधारण पद्धत म्हणजे चार अक्षरे आणि चार आकडे. आकडा ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरुवात. त्यामुळे दोन वेगळ्या वर्षांचे दोन वेगळे फोटो एकाच नावाचे असू शकतात. संगणकाने ‘या नावाची फाइल आहे, बदलू का?’ असे विचारले, तर घाईने होय म्हणू नये. दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा.

उलट एकच फोटो पाच नावांनी येतो तो व्हॉट्सअॅपच्या कृपेने. व्हॉट्सअॅप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो आक्रसून टाकते आणि आतली चिठ्ठीही काढून घेते. फाइलनावात दिसणारी तारीख फोटो काढल्याची नसून पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते. म्हणून लग्नाचे फोटो कोणी पाठवणार असेल, तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असे सांगावे. मग मूळ फाइल चिठ्ठीसकट येते.

आणि ज्या फोटोंची तारीख, ठिकाण, माणसे काहीच कळत नाही त्यांचे काय? बँकेत यावर एक सुंदर सोय आहे, सस्पेन्स खाते. जी रक्कम आली आहे पण कोणाची ते कळत नाही, ती त्यात ठेवायची. टाकून द्यायची नाही आणि उगाच कोणाच्या नावावरही चढवायची नाही. फोटोंसाठी असा एक फोल्डर जरूर ठेवावा. अंदाज असेल तर ‘१९६२ च्या सुमारास’ असे लिहावे, पण अंदाज आहे हे स्पष्ट करावे. चुकीचे ठाम नाव हे कोऱ्या फोटोपेक्षा वाईट. पुढच्या पिढीला ते खरेच वाटते.

शेरे लिहिताना पूर्ण नाव लिहावे. ‘बाबा’ असे लिहिले तर तीस वर्षांनी कोणाचे बाबा हा प्रश्न उरतो. माहेरचे नाव, गाव, नाते हेही लिहावे. मराठीतच लिहावे, पण युनिकोडमध्ये. मोबाइलवर जे मराठी आपण लिहितो ते युनिकोडच असते, त्यामुळे आता त्याची वेगळी काळजी करावी लागत नाही.

एक प्रत दुसऱ्या गावी

एवढे सगळे करून संग्रह एकाच डिस्कवर ठेवला, तर आमच्या माळ्यावरच्या आल्बमांत आणि त्यात फरक तो काय? पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: तीन, दोन, एक. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. पूर, आग आणि चोरी या तिन्ही आपत्ती एकाच घरावर येतात. दोन गावांवर एकाच दिवशी सहसा येत नाहीत. बहिणीकडे, मुलाकडे एक डिस्क द्यावी आणि दर दिवाळीला ती अद्ययावत करावी. भाऊबीजेला काय द्यायचे हा प्रश्नही सुटतो!

इंटरनेटवरच्या कोठाराची सोय चांगली आहे, परंतु ती भाड्याची जागा आहे हे विसरू नये. गूगल फोटोजमध्ये ठरावीक दर्जाचे कितीही फोटो फुकट ठेवता येत होते. १ जून २०२१ पासून ते थांबले आणि नवे फोटो खात्याच्या एकूण मर्यादेत मोजले जाऊ लागले. शिवाय अनेक सेवांत मोबाइलवर पुसलेला फोटो कोठारातूनही पुसला जातो. अशी सोय म्हणजे आरसा. तिला सुरक्षित प्रत समजू नये.

शेवटी एका साध्या कागदावर लिहावे: फोटो कुठे आहेत, कोणत्या डिस्कवर, पासवर्ड कोणाकडे. तो कागद विम्याच्या आणि बँकेच्या कागदांबरोबर ठेवावा. बँकेत आम्ही नामनिर्देशनासाठी खातेदारांच्या मागे लागत असू. फोटोंनाही वारस लागतो, आणि त्याला किल्ली कुठे आहे हे ठाऊक असावे लागते.

हे सगळे काम एका दिवसात होत नाही, व्हायलाही नको. दहा हजार फोटो पाहून छाती दडपते. म्हणून तरुण फोटोंना सध्या हात लावू नये. त्यांतली माणसे हयात आहेत, उद्याही विचारता येईल. सुरुवात सर्वांत जुन्या फोटोंपासून करावी. या रविवारी दुपारचा चहा झाला की घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाशेजारी बसावे, दहाच फोटो काढावेत, पडद्यावर मोठे करावेत आणि विचारावे. ते जे सांगतील ते तिथल्या तिथे फोटोत लिहून टाकावे. नव्या यंत्रावर नेण्यासारखे तेच आहे. यंत्र काय, आणखी पाच-सात वर्षांनी पुन्हा बदलावे लागणारच आहे. त्या वेळी विचारायला कोण असेल, याचा भरवसा मात्र कोणतीच कंपनी देत नाही.